सीएमसीवर छर्रा बसल्यावर: गॅस गनच्या चाचणीत काय मोजावं आणि काय निसटतं

कणाद

सिलिकॉन कार्बाइडच्या मॅट्रिक्समध्ये (तंतूंना धरून ठेवणाऱ्या भरावात) सिलिकॉन कार्बाइडचेच तंतू, म्हणजे विमानांच्या इंजिनात गरम भागात जे सिरॅमिक कंपोझिट (यापुढे सीएमसी) वापरतात, त्यावर गॅस गनने (दाबाखालच्या गॅसने छर्रा मारणारी नळी) आघाताच्या चाचण्या लावायच्या आहेत. माल मेल्ट इन्फिल्ट्रेशनचा आहे (तंतूंच्या जाळीत वितळलेलं सिलिकॉन भरून केलेला), ८ थर, ०/९० रचना (तंतू एकमेकांना काटकोनात), जाडी २ मिमी. एका बाजूला पर्यावरणरोधक लेप (ईबीसी): १०० मायक्रॉन सिलिकॉन आणि त्यावर २०० मायक्रॉन यटर्बियम डायसिलिकेट. कापलेल्या २४ पट्ट्या आहेत, प्रत्येकी १२ मिमी रुंद आणि १५० मिमी लांब.

प्रश्न असे: छर्रा कोणता घ्यावा आणि वेग किती ठेवावा? पट्टी मागून पूर्ण टेकवावी की दोन बाजूंनी धरून मधे मोकळी ठेवावी? आतलं नुकसान कशाने बघावं? आणि आघातानंतर ओढून तोडून उरलेली ताकद मोजली की काम झालं, असं मानावं का?

भट्टीजवळचा

छर्र्यापासून सुरू करतो. प्रकाशित कामात १.५९ मिमी व्यासाची कडक पोलादी गोळी वारंवार भेटेल. नासा ग्लेनमधल्या चाचण्यांमध्ये हीच वापरली, वेग साधारण ११५ ते ४०० मी/से आणि तापमानं दोन: खोलीचं आणि १३१६ अंश सेल्सियस. तुमचे आकडे दुसऱ्यांच्या आकड्यांशेजारी ठेवायचे असतील तर पहिली मालिका याच गोळीने करा. बेअरिंगवाल्यांकडे क्रोम पोलादाच्या मिळतात. एकीचं वजन १६.४ मिलिग्रॅम. ११५ मी/से ला ०.११ ज्यूल, ३०० ला ०.७४, ४०० ला १.३१. नोंदवहीत वेग आणि ऊर्जा दोन्ही लिहा, नुसता वेग लिहिलात तर पुढे गोळी बदलल्यावर तुलना करता येत नाही.

वेग मोजायला नळीच्या तोंडाशी दोन लेसर पडदे. त्यांच्यात ५० मिमी अंतर असेल तर ३०० मी/से ला १६७ मायक्रोसेकंद मिळतात. घड्याळ १ मायक्रोसेकंदाचं असेल तर चूक ०.६ टक्के. पण पडद्यांमधलं अंतर अर्ध्या मिमीने चुकलं तर तेवढ्यानेच १ टक्का गेला, म्हणून ते अंतर पट्टीने नको, गेजने मोजा. गोळी सॅबोटमध्ये (नळीत गोळीला धरून नेणारं टोपण) घालून मारणार असाल तर सॅबोट अडवणारी प्लेट आणि नळीच्या शेवटी गॅस बाहेर सोडणारी भोकं लागतीलच. नाहीतर गोळीमागून येणारा गॅसचा झोत बारीक पट्टी हलवतो आणि हाय-स्पीड कॅमेऱ्यात दिसणारा वाक गोळीचा की झोताचा, हे कळत नाही. गोळी न घालता एक रिकामा बार काढून बघा. पट्टी हलली तर आधी ते दुरुस्त करा.

आता टेकू. माझ्या मते छर्र्यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. मागे पोलादाचा ठोकळा लावला की पट्टी वाकत नाही, सगळी ऊर्जा समोरच्या पृष्ठभागावर खर्च होते: खड्डा, चिरडलेला लेप, त्याखाली दबलेलं मॅट्रिक्स. मधे २० मिमी मोकळं सोडलंत तर पट्टी वाकते, मागचा पृष्ठभाग ताणात जातो आणि तिथले तंतू तुटतात. त्याच वेगाला मागून मोकळ्या पट्टीची उरलेली ताकद कमी येते. समोरचा खड्डा दोन्हीकडे जवळजवळ सारखाच दिसू शकतो, हीच यातली फसवी गोष्ट.

इंजिनात भाग कसा बसतो ते बघा. श्राउडचा (टर्बाइनच्या पात्यांभोवतीच्या स्थिर कड्याचा) तुकडा कडांवर धातूच्या हँगरमध्ये धरलेला असतो. नोझलचं पान (गॅसला पात्यांकडे वळवणारं, न फिरणारं) आतून पोकळ असतं, त्याच्या भिंतीमागे काही नाही. म्हणून मुख्य मालिका मागून मोकळ्या पट्ट्यांची ठेवा. पूर्ण टेकूवरच्या दोन-तीन पट्ट्या पुरतात, त्या फक्त संपर्काचं नुकसान वेगळं काढून बघायला. धरताना पकड आणि पट्टी यांच्यात पातळ तांब्याचा पत्रा घाला आणि टॉर्क रेंचने सगळीकडे सारखाच आवळा. पकडीच्या कडेवरच भेग पडली तर ती पट्टी बाद.

अर्धविराम

विषय माझा नाही, पण वाचतोय. मुंबईहून ७३७ मॅक्स किंवा ए३२०निओने जातो तेव्हा आपल्या इंजिनात हे असतं का? आणि एखादा दगड आत गेला तर हे मडक्यासारखं फुटणार नाही का?

रेवती_ग

अर्धविराम, ७३७ मॅक्सला सगळीकडे लीप-१बी इंजिन असतं, ए३२०निओला काही कंपन्या लीप-१ए घेतात. लीप २०१६ मध्ये सेवेत आलं आणि त्याच्या हाय-प्रेशर टर्बाइनच्या पहिल्या टप्प्याभोवतीचं श्राउड सीएमसीचं आहे. श्राउड म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या टोकांभोवतीचं स्थिर कडं, ते तुकड्या-तुकड्यांनी बनतं. एखाद्या तुकड्याला तडा गेला तरी तो वेगाने फिरत नसल्यामुळे इंजिनाचं कवच फोडून बाहेर जाण्याचा धोका फिरत्या भागासारखा नाही. पण पात्याच्या टोकाशी फट वाढते, गॅस तिथून निसटतो, तेवढाच जोर मिळवायला इंधन जास्त जाळावं लागतं आणि एक्झॉस्टचं तापमान वर चढतं. सीएमसी आधी श्राउडमध्ये आलं याला हेही एक कारण आहे. जीई कंपनीच्या जीई९एक्स इंजिनात ते आणखी पुढे गेलं: ज्वलनकक्षाची आतली-बाहेरची अस्तरं, दोन्ही टप्प्यांची नोझलं आणि पहिल्या टप्प्याचं श्राउड. एफ४१४ या लढाऊ विमानाच्या इंजिनाच्या लो-प्रेशर टर्बाइनमध्ये फिरत्या पात्यांची चाचणी केल्याचं जीईने २०१५ मध्ये जाहीर केलं.

आणि मडक्यासारखं फुटत नाही, तेच तर याचं वैशिष्ट्य. नुसत्या सिलिकॉन नायट्राइडच्या पट्टीवर अशीच गोळी मारली तर ठरावीक वेगापलीकडे तिचे सरळ तुकडे होतात. सीएमसीमध्ये प्रत्येक तंतूभोवती बोरॉन नायट्राइडचा अर्धा-एक मायक्रॉनचा मऊ थर असतो. मॅट्रिक्समधली भेग तिथे पोहोचली की तंतू कापण्याऐवजी त्याच्या बाजूने वळते. तंतू अखंड राहतात आणि भार तेच उचलतात.

दगडाबद्दल: पंख्यातून आत येणारी मोठी वस्तू हाय-प्रेशर टर्बाइनपर्यंत सहसा धड पोहोचत नाही. पंखा तिला बाहेरच्या बायपास नळीकडे फेकतो, उरलेलं कंप्रेसरमध्ये भरडलं जातं. गरम भागावर आदळतात ते बहुतेक इंजिनाचेच तुकडे: इंधनाच्या नोझलवर साचलेल्या कार्बनचे खडे, ज्वलनकक्षाच्या लेपाचे पापुद्रे, पुढच्या पात्यांचे धातूचे कपचे. आणि धूळ.

कणाद, तुमच्यासाठी यातून दोन गोष्टी निघतात. बारीक धूळ गॅसबरोबर वाहते, पण मिमीभराचा तुकडा जडत्वामुळे मागे रेंगाळतो. म्हणजे तो पात्यावर आदळत नाही, पातंच त्याच्यावर आदळतं, पात्याच्या फिरण्याच्या वेगाने. तो वेग ४०० मी/से च्या वर जातो. हा मार पात्याच्या पुढच्या कडेला, सक्शन (फुगीर) बाजूकडे बसतो. तिथून उसळलेला तुकडा मागे फेकला जातो आणि नोझलच्या मागच्या, पातळ कडेवर बसतो. श्राउडला बसतो तो तिरपा.

म्हणून फक्त काटकोनातला मार पुरेसा नाही. पृष्ठभागाशी ३० अंशांवर मारलंत तर काटकोनी घटकाची ऊर्जा चौथाई राहते, आतले थर कमी सुटतात, पण लेप मात्र जास्त लांबपर्यंत खरवडला जातो. आणि निदान एक मार पट्टीच्या कडेपासून २-३ मिमीवर द्या. मधोमध बसलेल्या मारात सुटलेले थर आतच बंदिस्त राहतात. कडेजवळ ते थेट कडेला उघडतात आणि हवेला दार मिळतं.

मुसळधार

सध्या फक्त तपासणीबद्दल. पाण्याच्या टाकीतला अल्ट्रासॉनिक सी-स्कॅन (ध्वनिलहरींनी काढलेला आतला नकाशा) सगळ्यात सोपा. कार्बन फायबरवर रोज करतो, सुटलेल्या थराचा आकार मिमीपर्यंत कळतो. १० मेगाहर्ट्झचा फोकस्ड प्रोब लावा, झालं.

तंतुवाद्य

मुसळधार, कार्बन-इपॉक्सीवर ठीक. इथे आघात झालेल्या पट्टीला पाण्यात बुडवायला माझा ठाम विरोध आहे. भेगांमधून पाणी थेट बोरॉन नायट्राइडपर्यंत जातं, आणि कमी स्फटिकी बोरॉन नायट्राइडला ओलावा सोसत नाही. मग त्याच पट्टीवर पुढे भट्टीतली चाचणी केलीत तर नुकसान आघाताचं, भट्टीचं की टाकीतल्या पाण्याचं, हे ठरवायला काही साधन उरत नाही. जी पट्टी सी-स्कॅननंतर लगेच कापून बघायची आहे तिच्यापुरतं चालेल. बाकीच्यांवर हवेतून जाणारा अल्ट्रासाउंड किंवा फ्लॅश थर्मोग्राफी (प्रकाशाच्या झोताने तापवून उष्णता कशी पसरते ते कॅमेऱ्याने बघणं).

थर्मोग्राफी करताना कॅमेऱ्याचा वेग तपासा. मेल्ट इन्फिल्ट्रेशनच्या मालाची जाडीच्या दिशेची उष्णतावहनक्षमता खोलीच्या तापमानाला २५ वॅट प्रति मीटर-केल्व्हिनच्या आसपास धरली तर उष्णतेचा प्रसारांक १.३ × १०⁻⁵ मी²/से च्या जवळ येतो. २ मिमी जाडीच्या पट्टीत मागच्या बाजूचं तापमान निम्मं चढायला सुमारे ४५ मिलिसेकंद लागतात. अर्धा मिमी खोलीवर सुटलेला थर ६-७ मिलिसेकंदातच आपली खूण दाखवून जातो. ६० हर्ट्झच्या कॅमेऱ्याच्या दोन फ्रेममध्ये १६.७ मिलिसेकंद जातात, म्हणजे त्याची सुरुवातीची खूण निसटू शकते आणि अहवालात ‘डीलॅमिनेशन (थर सुटणं) नाही’ असं येऊ शकतं. काही शे हर्ट्झचा कॅमेरा हवा, त्यासाठी चौकट लहान करावी लागली तरी चालेल.

लेपाच्या बाजूने फ्लॅश मारू नका. यटर्बियम डायसिलिकेट प्रकाशाला अर्धपारदर्शक असतं, उष्णता नेमकी कुठे शोषली गेली ते कळत नाही. त्यावर ग्राफाइटचा फवारा मारायचा मोह होतो, पण तो भेगेत जातो आणि नंतर जाळून काढावा लागतो. मागच्या, लेप नसलेल्या बाजूने करा. तिथला पृष्ठभाग काळाच असतो.

एक्स-रे सीटीबद्दल. १२ मिमी रुंदी आणि २००० पिक्सेलचा डिटेक्टर म्हणजे एक व्हॉक्सेल (त्रिमितीय चित्राचा सगळ्यात लहान ठोकळा) ६ मायक्रॉनचा. भार काढल्यावर मॅट्रिक्समधल्या भेगा मिटतात, त्यांची फट मायक्रॉनच्या आत येते. त्या दिसत नाहीत. खड्डा, सुटलेले थर, मागे निघालेला शंकूच्या आकाराचा तुकडा हे दिसेल. शिवाय यटर्बियम जड मूलद्रव्य आहे, ते एक्स-रे इतके खातं की लेपाच्या लगेच खाली पट्टे-पट्टे येतात. आणि नुकसान तर नेमकं तिथेच असतं. नळीचं व्होल्टेज वाढवून, पुढे तांब्याचा फिल्टर लावून थोडं सुधारतं. पण सीटीत स्वच्छ दिसलं म्हणून भेग नाही, असं लिहू नका.

मेल्ट इन्फिल्ट्रेशनच्या मालात मोकळं सिलिकॉन उरतं, त्यामुळे तो वीज बऱ्यापैकी वाहतो. चार टोकांनी रोध मोजला तर मॅट्रिक्समधल्या भेगांबरोबर तो वाढतो. ही पद्धत स्वस्त आहे आणि भट्टीत असतानाही चालते. पण आघाताचं नुकसान एका जागी असतं. व्होल्टेजची टोकं १०० मिमी लांब लावलीत तर बदल त्यात बुडून जातो. खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना १०-१० मिमीवर लावा, आघातापूर्वीचं माप घ्या, आणि नेहमी त्याच तापमानाला मोजा. खोलीत ५ अंशांचा फरक पडला तरी रोध हलतो.

आणि शेवटी कापून बघणं. याला पर्याय नाही. पण कापण्याआधी निर्वात पेटीत पातळ इपॉक्सी भरा, त्यात फ्लुरोसंट रंग मिसळून. इपॉक्सी कडक झाल्यावरच हिऱ्याच्या पातीने कमी वेगात कापा. आधी कापलंत तर कापण्यानेच थर सुटतात. ज्या भेगेत रंग आहे ती आघाताची, जिच्यात नाही ती करवतीची. पॉलिश करताना पाण्याऐवजी तेल किंवा अल्कोहोलवरचं वंगण घ्या, कारण तेच, बोरॉन नायट्राइड. खड्ड्याच्या मध्यापर्यंत ०.२ मिमीच्या पायऱ्यांनी उतरा, प्रत्येक पायरीला फोटो.

मुसळधार

पाण्याचा मुद्दा पटला. हवेतला प्रोब २०० ते ४०० किलोहर्ट्झचा असतो, त्याची नजर तेवढी तीक्ष्ण नाही. २ मिमीपेक्षा लहान सुटलेला थर त्यात सापडेल असं धरू नका.

भट्टीजवळचा

आता कणादच्या चौथ्या प्रश्नाकडे. उत्तर: नाही, काम झालं असं मानू नका. माझ्या मते या चाचणीचा गाभाच तिथे आहे.

आघातानंतर लगेच पट्टी ओढून तोडली की आकडा बहुतेक वेळा दिलासा देणारा येतो. अशा मालाची मूळ ताण-ताकद ३०० मेगापास्कलच्या पुढे असते, सरळ रेषा सुटण्याचा बिंदू (जिथे ताणाचा आलेख वाकायला लागतो) १६५ च्या जवळपास. आघाताने मॅट्रिक्समध्ये भेगा पडल्या, पण भार तंतू उचलतात, म्हणून मध्यम वेगापर्यंत ताकद फारशी ढळत नाही. या आकड्यावर विसंबून ‘माल मार सोसतो’ असं लिहिलं जातं. इंजिनात मात्र त्या भागाला पुढचे हजारो तास वाफ आणि ऑक्सिजनमध्ये, भाराखाली काढायचे असतात.

७०० ते ९०० अंशांच्या पट्ट्यात काय होतं ते बघा. भेगेतून ऑक्सिजन आत जातो, बोरॉन नायट्राइडचं बोरॉन ऑक्साइड होतं. ते ४५० अंशांना वितळतं, त्यामुळे या तापमानाला ते द्रवच असतं. ते आजूबाजूची सिलिका ओढून घेऊन बोरोसिलिकेट काच बनवतं. वाफ असेल तर बोरॉन वायुरूपात उडून जातं आणि तंतूभोवतीची रिकामी जागा हळूहळू सिलिकाने भरते. निकाल एकच: तंतू मॅट्रिक्सला चिकटतो. मग पुढची भेग तंतूपाशी वळत नाही, आरपार जाते. ज्या गुणासाठी हा माल निवडला तोच गेला.

१२०० अंशांना चित्र वेगळं. तिथे सिलिका इतक्या लवकर वाढते की भेगेचं तोंडच बुजतं आणि आतलं बोरॉन नायट्राइड तुलनेने सुरक्षित राहतं. पण लेप उडालेल्या जागी वाफ सिलिकालाच खाते. सिलिकॉन हायड्रॉक्साइडची वाफ होऊन पृष्ठभाग झिजत जातो. ही झीज वाफेच्या दाबाच्या वर्गाने आणि गॅसच्या वेगाच्या वर्गमुळाने वाढते, एकूण दाबाच्या वर्गमुळाने कमी होते. म्हणजे इंजिनात ती प्रयोगशाळेतल्या संथ वाफेपेक्षा कितीतरी जास्त. तेव्हा ‘जास्त गरम म्हणजे जास्त वाईट’ असा साधा हिशेब इथे चालत नाही. दोन्ही तापमानांना, ८०० आणि १२०० ला, पट्ट्या ठेवाव्याच लागतात.

ठेवायच्या कशा? वाफेच्या भट्टीत ९० टक्के वाफ आणि १० टक्के ऑक्सिजन हे मिश्रण लेपांच्या चाचण्यांमध्ये रूढ आहे, तेच घ्या. नळी उच्च शुद्धतेच्या अॅल्युमिनाची. साध्या नळीतली अशुद्धी वाफेबरोबर नमुन्यावर येते आणि सिलिकाची वाढ खोटी फुगवते. आणि भार हवा. भार नसेल तर भेगा मिटलेल्या राहतात आणि सगळं छान दिसतं. ८० ते १०० मेगापास्कलचा स्थिर ताण द्या. सरळ रेषेच्या बिंदूपेक्षा तो खालीच आहे, म्हणजे नवीन भेगा तो सहसा पाडणार नाही, आघाताने पडलेल्या तेवढ्या उघड्या ठेवेल.

त्यानंतर पट्टी तोडा आणि तुटलेला पृष्ठभाग एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) न्या. खड्ड्याजवळ एक सपाट भाग दिसेल: तंतू मॅट्रिक्सच्याच पातळीवर कापल्यासारखे तुटलेले, प्रत्येकाभोवती गुळगुळीत काचेची गोल कडी, जिथे बोरॉन नायट्राइड असायला हवं होतं. खड्ड्यापासून दूर गेलात की तेच तंतू झिजलेल्या ब्रशच्या केसांसारखे कमी-जास्त लांबीचे बाहेर आलेले दिसतात. त्या दोन भागांमधली सीमा फोटोवर आखा आणि सपाट भागाचं क्षेत्रफळ मोजा. तासांबरोबर हे क्षेत्रफळ कसं पसरतं, हे मला उरलेल्या ताकदीच्या एका आकड्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. त्याच्यावरून पुढचा अंदाज बांधता येतो.

रेवती_ग

याला एक जोड, पोलादी गोळीची. ३०० मी/से ला गोळी चपटी होते आणि तिचं लोखंड खड्ड्यात लिंपलं जातं. तशीच पट्टी १२०० अंशांच्या भट्टीत गेली तर लोखंड आणि सिलिकॉन यांचं मिश्रण त्याच सुमारास वितळायला लागतं, आणि लोखंडाचं ऑक्साइड सिलिकालाही पातळ करतं. खड्डा खोल होतो आणि दोष आघाताच्या माथी जातो. लेप नसलेल्या पट्टीवरचं लोखंड विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने निघतं. लेपावर मात्र आम्ल लावू नका, सिलिकेट त्यात टिकेलच असं नाही.

माझा सल्ला: भट्टीत जाणाऱ्या पट्ट्यांना सिलिकॉन नायट्राइडची गोळी वापरा. घनता ३.२, म्हणजे १.५९ मिमीची गोळी फक्त ६.७ मिलिग्रॅमची. पोलादी गोळीच्या ३०० मी/से इतकी ऊर्जा द्यायला तिला सुमारे ४७० मी/से लागतील. त्यापेक्षा २ मिमीची घ्या, ती १३.४ मिलिग्रॅम भरते, ०.७४ ज्यूलला ३३२ मी/से पुरतात.

भट्टीजवळचा

सहमत, पण गोळी कडक झाली की संपर्काचा काळ आणि खड्डा दोन्ही बदलतात. पोलाद चपटं होऊन काही ऊर्जा स्वतः खातं, सिलिकॉन नायट्राइड तसं खात नाही. ऊर्जा सारखी म्हणून नुकसान सारखं, असं गृहीत धरू नका. दोन्ही गोळ्यांची एकेक पट्टी कापून शेजारी ठेवा.

कणाद

खूप मिळालं. २४ पट्ट्यांचा बेत असा मांडतो: पाच वेग, दोन टेकू, प्रत्येकी दोन पट्ट्या, म्हणजे २०. उरलेल्या ४ भट्टीसाठी. गरम आघात सध्या सोडतो.

तंतुवाद्य

हा बेत उलटा झालाय, सगळा माल पहिल्याच प्रश्नावर संपतो. आणि १२ मिमी रुंदी कमी पडेल. खड्डा २ मिमीचा असला तरी आत सुटलेला थर ५-६ मिमीचा निघू शकतो, म्हणजे निम्मी रुंदी. मग ताकद घटली ती मालामुळे की पट्टी अरुंद म्हणून, हे सांगता येणार नाही. पुढच्या खेपेला २५ मिमी कापा.

आहे त्यात असं करा. ४ पट्ट्यांना मारूच नका: दोन तशाच तोडायला, एक ८०० ला, एक १२०० ला ठेवून तोडायला. ही चार नसतील तर बाकी वीसांचा अर्थ लागत नाही. ६ पट्ट्यांवर १०० ते ४०० मी/से मधला एकेक वेग, सगळ्या मागून मोकळ्या, मारल्यावर थर्मोग्राफी आणि कापणं. त्यातून दोन वेग निवडा: ज्याला फक्त लेप फुटतो तो, आणि ज्याला मागच्या बाजूला पहिली भेग येते तो. प्रत्येकी ३ लगेच तोडायला, म्हणजे ६. उरल्या ८: दोन वेग, दोन तापमानं, दोन-दोन पट्ट्या.

पहिला वेग कमी महत्त्वाचा मानू नका. लेप फुटून आत भेग नसलेली पट्टी बोरोस्कोपमध्ये (इंजिनात घालून आत बघायची बारीक दुर्बीण) नुसता वेगळ्या रंगाचा ठिपका दिसते. सिलिकॉनचा थर जागेवर आहे की तोही उडाला, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ठिपक्याच्या तळाशी ईडीएस (एक्स-रेवरून मूलद्रव्यं ओळखणं) करा: फक्त सिलिकॉन दिसलं तर थर शाबूत, कार्बन ठळक आला तर खालचं कार्बाइड उघडं पडलंय.

अर्धविराम

आपल्याकडच्या धुळीने यात काही फरक पडतो का?

रेवती_ग

पडतो, पण मार्ग वेगळा. धुळीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम, सिलिकॉन यांच्या ऑक्साइडांचं मिश्रण १२०० अंशांच्या थोडं वर वितळतं आणि लेपात मुरतं. मुरलेला लेप थंड होताना भेगाळतो, आणि अशा लेपावर पुढचा तुकडा बसला तर मोठा पापुद्रा सुटतो. धूळ आणि उष्णता जास्त असलेल्या प्रदेशांत लीपच्या टर्बाइनचं आयुष्य कमी भरत होतं, म्हणून लीप बनवणाऱ्या सीएफएमने लीप-१ए साठी सुधारित भागांचा संच आणला, त्याला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. त्यातली पाती आणि नोझल धातूची आहेत.

कणाद

तंतुवाद्य, बेत तसाच करतो. शेवटचा प्रश्न: पट्ट्या हिऱ्याच्या चाकाने कापलेल्या आहेत, कडांवर तंतूंची टोकं उघडी आहेत. भट्टीत त्याचा त्रास होईल?

भट्टीजवळचा

होईल, आणि ८०० अंशांना सगळ्यात जास्त. ऑक्सिजन खड्ड्यातून जाईल त्याच्या कितीतरी पट कडांमधून, तंतूंच्या बाजूने आत शिरेल. सपाट भागाचा नकाशा काढाल तर तो कडेपासून सुरू झालेला दिसेल. शक्य असेल तर आघाताआधीच कडांवर सीव्हीडीने (वायूतून थर जमवून) सिलिकॉन कार्बाइडचा थर चढवून घ्या, काही दहा मायक्रॉन पुरेत. तशी सोय नसेल तर आघाताआधी सगळ्या पट्ट्या, न मारायच्या चारही धरून, कोरड्या हवेत १२०० अंशांना काही तास ठेवा, म्हणजे सिलिका वाढून टोकं बुजतील. भट्टी ७०० ते ९०० च्या पट्ट्यातून शक्य तितक्या लवकर वर न्या, तिथे रेंगाळू देऊ नका. एक जादा तुकडा त्याच फेरीत ठेवा आणि कापून बघा. कडेपासून बोरॉन नायट्राइड किती खोल गेलंय ते त्यात दिसेल, आणि तेवढी पट्टी नकाशातून दोन्ही बाजूंनी वगळा.